मायक्रोआरएनए आणि टाइप १ मधुमेह: रक्तात सापडणारा हा रेणू नेमका कोणाचा?

जीवशास्त्र_बारावी (प्रश्न)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाला, तो आठ वर्षांचा असताना, टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. रात्रीत चारदा उठून तांब्याभर पाणी पिणे, महिन्याभरात ढगळ झालेली चड्डी आणि संडासाच्या कडेला लागलेल्या मुंग्या हे सारे डोळ्यांसमोर असूनही पहिले दोन आठवडे मी ते उन्हाळ्याच्या माथी मारले, याची टोचणी अजून गेलेली नाही. म्हणूनच गेल्या महिन्यात सहा वर्षांच्या धाकट्या मुलीची प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली. तिच्या रक्तात जीएडी आणि आयए-२ या दोन्ही प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. साखर मात्र उपाशीपोटी आणि जेवणानंतरही पूर्णपणे मर्यादेत आहे.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचते आहे आणि वाचता वाचता मायक्रोआरएनएपाशी येऊन अडकले आहे. वर्गात आमचा सगळा भर प्रथिन तयार करण्याच्या कामात भाग घेणाऱ्या आरएनएवर असतो. ज्याच्यापासून प्रथिनच बनत नाही असा हा जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा मधुमेहात एवढा महत्त्वाचा कसा ठरतो, हे मला नीट उलगडलेले नाही. काही लेखांत तो रोग घडवतो असे म्हटले आहे, तर काहींत तो केवळ रोगाची खूण आहे असे म्हटले आहे. मिर-२१ हा मायक्रोआरएनए एका शोधनिबंधात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना वाचवतो आणि दुसऱ्यात त्यांना मारतो. आता तर रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून मधुमेह आधीच ओळखता येईल, अशा बातम्याही वाचल्या.

माझा प्रश्न असा, की हे कारण आहे की परिणाम, आणि अशी चाचणी मुलीसाठी करून घेण्यात आज काही अर्थ आहे का? सोपे करून सांगितले नाही तरी चालेल, पण खरे सांगावे.

पिपेट

ताई, रक्तद्रवातले मायक्रोआरएनए मोजणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. मुलीच्या बाबतीत काय करावे हे इथले जाणकार डॉक्टर सांगतील.

व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या शोधासाठी मिळाले, तो १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत लागला होता. लिन-४ नावाच्या जनुकापासून प्रथिन बनतच नव्हते, बनत होता तो सुमारे २२ अक्षरांचा आरएनए, आणि तो दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशावर बसून त्याचे प्रथिन कमी करत होता. सात वर्षे बहुतेकांनी ही त्या कृमीचीच लहर मानली. २००० साली लेट-७ हा असाच रेणू माणसासकट अनेक प्राण्यांत जसाच्या तसा आढळला, तेव्हा कुठे सगळे खडबडून जागे झाले.

पेशीच्या केंद्रकात आधी एक लांब आरएनए तयार होतो आणि तो स्वतःवरच वळून केसांच्या पिनेसारखा आकार घेतो. ड्रोशा नावाचे विकर त्यातली पिन कापून काढते, ती केंद्रकाबाहेर येते, आणि मग डायसर हे दुसरे विकर तिचे टोक छाटते. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक पट्टी आर्गोनॉट या प्रथिनाच्या खाचेत बसते आणि ही जोडी संदेशवाहक आरएनए हुडकत फिरते. जुळणी पाहायची ती मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतची. सात अक्षरे काय, कुठेही जुळू शकतात. म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांच्या संदेशांना थोडे थोडे दाबतो आणि एका संदेशावर अनेक मायक्रोआरएनए बसू शकतात. हा परिणाम दिवा मालवल्यासारखा नसतो, वात थोडी खाली करावी तसा असतो. तुमच्या मिर-२१ च्या कोड्याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

आता मधुमेहाकडे येतो. माझ्या मते या विषयातला सगळा घोटाळा एका चुकीमुळे होतो. मायक्रोआरएनएचे नाव घेतले जाते, पण तो कोणत्या पेशीत आहे हे सांगितले जात नाही. टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच बीटा पेशींवर हल्ला करते. त्यात हल्ला करणाऱ्या टी पेशी वेगळ्या, मार खाणाऱ्या बीटा पेशी वेगळ्या, आणि आपण सुई टोचून काढतो ते रक्त तिसरेच. त्याच नावाचा रेणू या तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी सांगतो.

बीटा पेशींतला सर्वांत गाजलेला रेणू म्हणजे मिर-३७५. तो स्वादुपिंडातल्या बेटांमध्ये, म्हणजे बीटा पेशी ज्यांत असतात त्या पुंजक्यांमध्ये, मुबलक असतो आणि २००४ साली मार्कुस स्टॉफेल यांच्या गटाने दाखवले, की तो वाढवला तर साखरेला प्रतिसाद म्हणून होणारा इन्सुलिनचा स्राव घटतो. यावरून तो काढून टाकला तर उंदीर सुधारतील असे कोणालाही वाटेल. २००९ साली मिर-३७५ नसलेले उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांची साखर उलट वाढलेली निघाली, कारण त्यांच्यात बीटा पेशीच कमी पडल्या होत्या आणि साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी वाढल्या होत्या. जास्त झाला तरी पंचाईत, अजिबात नसला तरी पंचाईत.

स्वयंप्रतिकाराच्या झळीत याच पेशींत काय घडते, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने २०१० साली पाहिले. आपोआप मधुमेह होणाऱ्या एनओडी जातीच्या उंदरांच्या बेटांत, मधुमेह व्हायच्या आधीच, मिर-२१, मिर-३४ए आणि मिर-१४६ए वाढू लागतात. दाहकारक सायटोकाइन (रोगप्रतिकारक पेशींची संदेश देणारी प्रथिने) घातल्यावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतही ते वाढतात. यांतला कोणताही एक अडवला, तर इन्सुलिनच्या स्रावात होणारी घट टळते. मिर-३४ए किंवा मिर-१४६ए अडवला, तर पेशींचे मरणही कमी होते. म्हणजे निदान या दोघांच्या बाबतीत प्रेक्षक म्हणून बाजूला बसलेला रेणू असे म्हणता येत नाही.

मिर-२१ चे बघा. २०११ साली दुसऱ्या एका गटाने दाखवले, की तो पीडीसीडी-४ हे मृत्यूला मदत करणारे प्रथिन दाबतो आणि त्यामुळे बीटा पेशी तगतात. पुढे २०१७ साली आणखी एका गटाने दाखवले, की तोच मिर-२१ बीसीएल-२ हे जीव वाचवणारे प्रथिनही दाबतो आणि पेशी मरतात. दोन्ही खरे असू शकते. तो किती वाढला, किती काळ वाढलेला राहिला आणि त्या क्षणी पेशीत कोणते संदेश जास्त होते, यावर तराजू कोणीकडे झुकेल ते ठरते.

टी पेशींच्या बाजूलाही असेच आहे. नियामक टी पेशी या रोगप्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पेशी. उंदरांत फक्त याच पेशींतले डायसर काढून टाकले, म्हणजे त्यांचे जवळजवळ सगळे मायक्रोआरएनए बंद केले, तर जीवघेणा स्वयंप्रतिकार उसळतो. लगाम धरणारा हातच लुळा पडतो म्हणा ना. म्युनिकच्या एका गटाने माणसांत, विशेषतः प्रतिपिंडे असलेल्या पण अजून मधुमेह न झालेल्या मुलांत, म्हणजे तुमच्या मुलीसारख्याच मुलांत, हे तपासले. त्यांना मिर-९२ए वाढलेला आढळला, जो प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी घडवण्यास हातभार लावतो (२०१६), आणि मिर-१८१ए वाढलेला आढळला, जो नवीन नियामक पेशी तयार होण्यात अडथळा आणतो (२०१८). एनओडी उंदरांत हे दोन रेणू अडवल्यावर बेटांवरचा हल्ला सौम्य झाला.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटला तो २०१९ चा शोध, पुन्हा लोझानचाच. टी पेशी आपल्या आतले मायक्रोआरएनए एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिकांत भरून बाहेर सोडतात आणि त्या पुटिका बीटा पेशींत शिरतात. त्यांत मुख्य होते मिर-१४२ आणि मिर-१५५. आत गेल्यावर ते बीटा पेशीला केमोकाइन स्रवायला लावतात, म्हणजे आणखी टी पेशींना बोलावणारे संदेश तिच्याच तोंडून वदवून घेतात, आणि शेवटी तिला मरणाकडे नेतात. संशोधकांनी एनओडी उंदरांच्या बीटा पेशींत या रेणूंसाठी आमिष ठेवले, असे आरएनए की ज्यांवर हे मायक्रोआरएनए चिकटून बसतील आणि खऱ्या संदेशांपर्यंत पोहोचणारच नाहीत. त्या उंदरांना मधुमेहापासून संरक्षण मिळाले. कारण की परिणाम, या तुमच्या प्रश्नाला प्राण्यांपुरते मिळालेले हे सर्वांत सरळ उत्तर आहे. हल्ल्याची ठिणगी मायक्रोआरएनए टाकतो असे यातून सिद्ध होत नाही. पेटलेल्या आगीत तो वारा घालतो, एवढे सिद्ध होते.

रक्ताबद्दल वेगळे लिहितो, कारण तिथली फसगत मी स्वतः अनुभवली आहे.

धाकटे डॉक्टर

ताई, मी बालमधुमेहाची ओपीडी पाहतो. पिपेट यांनी विज्ञान सांगितले आहे, मी फक्त तुमच्या मुलीविषयी बोलतो.

मायक्रोआरएनएची कोणतीही चाचणी आज उपचाराचा निर्णय घेण्यासाठी वापरली जात नाही. कोणी खाजगीत देऊ केली, तरी तिच्या आकड्यावरून मी तुमच्या मुलीचे काहीही वेगळे करणार नाही, म्हणून ती करू नका असेच सांगेन.

प्रतिपिंडांना मात्र खरोखर वजन आहे. आधी दुसऱ्या नमुन्यावर ती पुन्हा तपासून खात्री करून घ्या. दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे आणि साखर सामान्य, याला आता टाइप १ मधुमेहाचा पहिला टप्पा मानतात. साखर बिघडू लागली पण लक्षणे नाहीत, तो दुसरा, आणि आपण एरवी ज्याला निदान म्हणतो तो तिसरा. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या एकत्रित अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, एकाहून अधिक प्रतिपिंडे असलेल्या सुमारे ७० टक्के मुलांना पुढच्या १० वर्षांत मधुमेह झाला. हे आकडे तिकडच्या मुलांचे आहेत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत.

करायचे ते असे, की ठरावीक अंतराने एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि ग्लुकोज पाजून केलेली तपासणी करत राहायची आणि लक्षणांवर नजर ठेवायची. घरात ग्लुकोमीटर आहेच. दुसऱ्या टप्प्यात पोहोचलेल्यांसाठी टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले, त्या वेळी ८ वर्षे आणि त्यापुढच्या वयासाठी. मूळ चाचणीत त्याने तिसरा टप्पा सरासरी दोन वर्षे पुढे ढकलला. ते इथे कसे आणि कोणासाठी, हे तुमच्या एंडोक्रिनोलॉजिस्टशी समक्ष बोलावे.

आणि एक. मुंग्यांचे मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे येणारी निम्मी मुले रक्त आंबट झालेल्या अवस्थेत, धापा टाकत येतात. तुमच्या मुलीच्या वाट्याला ते येण्याची शक्यता आता फार कमी आहे, कारण तुम्हाला आधीच माहीत आहे.

वाटसरू

चांगली चर्चा. एक शंका आहे. मिर-१४६ए किंवा मिर-१५५ नुकसान करतात हे दिसले आहे आणि ते अडवणारे रेणू प्रयोगशाळेत बनवता येतात, तर मग त्यांचेच औषध का करत नाहीत? उंदरांत चालले की माणसांत चालायला अडचण कोणती?

पिपेट

अडचण पत्त्याची आहे. मिर-१४६ए बीटा पेशींत नुकसान करतो असे मी वर लिहिले. पण नियामक टी पेशींना दाह आवरण्यासाठी तोच मिर-१४६ए लागतो, आणि उंदरांत त्यांच्यातून तो काढला तर स्वयंप्रतिकार वाढतो. आता शिरेतून औषध दिले, तर ते बीटा पेशींचे भले करील की लगाम धरणाऱ्यांनाच दुबळे करील? उंदराच्या बीटा पेशींत आमिष ठेवले ते विषाणूच्या वाहकातून आणि फक्त बीटा पेशींत चालू होणाऱ्या कळीने. माणसाच्या स्वादुपिंडात, तेही लहान मुलाच्या, असा खटाटोप आज कोणी करणार नाही. असे रेणू दिले की मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतात.

दुसऱ्या रोगांतला अनुभवही सावध करणारा आहे. मिर-१२२ अडवणारे औषध हेपॅटायटिस सी साठी दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेले आणि विषाणू कमीही झाला, पण तोवर रोजच्या गोळ्यांनी तो आजार बरा होऊ लागला. कर्करोगासाठी मिर-३४ ची नक्कल देणारी चाचणी २०१६ साली थांबवावी लागली, कारण काही रुग्णांत रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रिया झाल्या. ज्या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणाच बिघडलेली आहे, तिथे असला धोका पत्करताना दहादा विचार होणार.

आता रक्ताविषयी, कबूल केल्याप्रमाणे.

बीटा पेशी मरताना तिच्यातला मिर-३७५ बाहेर सांडतो, तो रक्तात मोजला की पेशी मरताहेत हे साखर वाढण्याआधीच कळेल, ही कल्पना फार सुंदर होती. उंदरांत ती खरीही ठरली. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन बीटा पेशी मारल्या की रक्तातला मिर-३७५ उसळतो, आणि एनओडी उंदरांत मधुमेह दिसण्याच्या दोन आठवडे आधी तो वाढलेला आढळला (२०१३). मग २०१५ साली स्टॉफेल यांच्याच गटाने हिशेब मांडला, की एरवी रक्तात असलेल्या मिर-३७५ पैकी बीटा पेशींचा वाटा जेमतेम १ टक्का असतो. बाकीचा कुठून? आतड्यातून आणि इतर अवयवांतून. पेशी एकदम मेल्या, जसे बेटांच्या प्रत्यारोपणात होते, तर तो १ टक्का फुगून दिसतो. पण टाइप १ मध्ये पेशी वर्षानुवर्षे थोड्या थोड्या मरतात. भर बाजारात एका माणसाचा आवाज ओळखायचा तर त्याने ओरडावे लागते, कुजबुजून भागत नाही.

माझी स्वतःची फसगत अशी. एका कामात आम्ही नव्याने निदान झालेल्या मुलांचे आणि निरोगी मुलांचे रक्तद्रव तपासले. पाच-सहा मायक्रोआरएनए आजारी मुलांत दणकून वाढलेले निघाले, त्यांत वर उल्लेखलेला मिर-९२ए होता. आम्ही हरखून गेलो. दोन दिवसांनी सोबतच्या मुलीने सगळ्या नळ्या एका रांगेत लावून पांढऱ्या कागदासमोर धरल्या. निरोगी मुलांचा रक्तद्रव गवती चहाच्या रंगाचा होता आणि आजारी मुलांच्या नळ्यांपैकी बऱ्याच फिकट गुलाबी होत्या. तांबड्या पेशी फुटल्या होत्या. ती मुले तातडीने भरती झालेली, पाणी कमी झाल्याने शिरा बसलेल्या, रडत असताना बारीक सुईने जोर लावून रक्त ओढलेले. निरोगी मुलांचे रक्त सकाळी निवांत, मोठ्या शिरेतून घेतलेले. तांबड्या पेशींत मिर-४५१ए, मिर-१६ आणि मिर-९२ए ठासून भरलेले असतात. आम्ही मधुमेह मोजला नव्हता, सुई कशी टोचली ते मोजले होते.

त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक नमुन्यात मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांतला फरक आधी पाहतात, कारण पहिला तांबड्या पेशींतून सांडतो आणि दुसरा जवळपास स्थिर राहतो. फरक एका मर्यादेबाहेर गेला की नमुना बाद, मग तो कितीही मोलाचा असो. नमुन्यातून आरएनए किती निघाला हे पाहायला आम्ही त्यात सूत्रकृमीचा मिर-३९ मोजून घालतो, कारण तो माणसात नसतो. ज्या कृमीत हा सगळा शोध लागला, तोच अजून आमच्या मापांची राखण करतो आहे याची मला गंमत वाटते.

सरासरी

मी संख्याशास्त्राकडून या प्रश्नाकडे पाहतो. पिपेट यांनी मोजमापाची अडचण सांगितली. समजा मोजमाप अगदी चोख झाले, तरी पुढे आणखी एक अडचण उरते.

ताई, तुम्ही वाचलेल्या बातम्या बहुधा २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासाच्या असतील. त्याचे नेतृत्व आनंदवर्धन हर्डीकर यांच्याकडे होते, जे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात घडले आणि आता सिडनीत काम करतात. ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, हाँगकाँग आणि भारत इथल्या लोकांच्या रक्तातले ५० मायक्रोआरएनए मोजून त्यांनी एक बदलता जोखीम-गुण, म्हणजे धोका किती ते सांगणारा आकडा, तयार केला. एकाच रेणूवर भिस्त न ठेवता पन्नासांचा मिळून आकृतिबंध पाहिला आणि भारतीय नमुने सुरुवातीपासून घेतले, या दोन्ही गोष्टी मला मोलाच्या वाटतात. जनुकीय जोखीम-गुण जन्मापासून तोच राहतो. मायक्रोआरएनएचा गुण आज काय चालले आहे ते सांगू शकतो आणि उपचाराने बदलूही शकतो. जनुकीय गुणाचेही इथे सांगण्यासारखे आहे: युरोपीय लोकांवरून बांधलेला गुण भारतीयांत टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला चालतो का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने इतरांसोबत तपासले (२०२०). तो चालतो, युरोपीयांपेक्षा किंचित कमी नेमकेपणाने.

पण गटांना वेगळे ओळखणे निराळे आणि एका मुलीबद्दल सांगणे निराळे. सोयीसाठी एक काल्पनिक चाचणी घेऊ, जी ज्यांना पुढे मधुमेह होणार त्यांतल्या ८० टक्क्यांना पकडते आणि ज्यांना होणार नाही त्यांतल्या ८० टक्क्यांना मोकळे सोडते. प्रतिपिंडे तपासलेलीच नाहीत अशी १,००० भावंडे घ्या आणि त्यांतल्या ५० जणांना पुढे मधुमेह होणार असे धरा. चाचणी त्यांतल्या ४० जणांना पकडील, पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणांनाही उगाच धोक्यात टाकील. 'धोका' असा शिक्का बसलेल्या २३० घरांपैकी १९० घरे विनाकारण झोप घालवतील.

आता तुमच्या मुलीसारखी १,००० मुले घ्या, जिथे डॉक्टरांनी दिलेल्या आकड्यानुसार १० वर्षांत ७०० जणांना मधुमेह होणार. चाचणी ५६० जणांना बरोबर पकडील आणि ६० जणांना चुकून. म्हणजे 'धोका' असे उत्तर आले तर शक्यता ७० वरून ९० टक्क्यांवर जाईल. 'धोका नाही' असे उत्तर ३८० जणांना मिळेल, पण त्यांतल्याही १४० जणांना मधुमेह होईल, म्हणजे साधारण ३७ टक्के. या उत्तरावर विसंबून तुम्ही तपासण्या थांबवाल का? नाही. नव्वद टक्के आले तर वेगळे काय कराल? आज तरी तेच, जे डॉक्टरांनी सांगितले आहे. दोन्ही उत्तरांनी पुढचे पाऊल तेच राहत असेल, तर त्या चाचणीने पैसे आणि झोप याखेरीज काही बदलत नाही. ज्या दिवशी कोणत्या मुलाला टेप्लिझुमॅबसारखे औषध आधी द्यावे हे अशा गुणावरून ठरवता येईल, त्या दिवशी माझे मत वेगळे असेल.

जीवशास्त्र_बारावी

सर्वांचे मनापासून आभार. सरासरी यांचे गणित मी वहीत पुन्हा मांडून पाहिले आणि ३७ टक्क्यांपाशी थबकले. मला मनातून तेच हवे होते, 'धोका नाही' असे लिहिलेला एक कागद. तो कागद मिळाला असता, तर मी खरोखरच मुंग्यांकडे पुन्हा दुर्लक्ष केले असते, असे वाटून अंगावर काटा आला. चाचणी करणार नाही. प्रतिपिंडांचा दुसरा नमुना सोमवारी देणार आहोत.

पिपेट यांना एक विचारते. रक्त देतोच आहोत, तर त्यातले थोडे मायक्रोआरएनएसाठी राखून ठेवता येईल का? दोन-चार वर्षांनी ही चाचणी पक्की झाली, तर जुना नमुना हाताशी असावा असे वाटते. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डीप फ्रीझर आहे, उणे वीसचा. मुलीने रक्त द्यायला नकार दिला नाही तर. ती दादाचे इन्सुलिनचे पेन पाहून हसते, पण सुईचे नाव काढले की पलंगाखाली जाऊन बसते.

पिपेट

उणे वीसमध्ये ठेवू नका, ताई. दरवाजा उघडझाप होतो, वीज जाते, नमुना थोडा वितळतो आणि पुन्हा गोठतो, आणि चार वर्षांनी त्या आकड्यावर मीच विश्वास ठेवणार नाही. त्यासाठी उणे ८० लागते. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावे लागते, हिरव्या नाही, कारण हिरवीतले हेपॅरिन पुढे पीसीआर, म्हणजे आरएनए मोजण्याची प्रक्रियाच, बिघडवते. तासा-दोन तासांत ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे लागते, वरचा रक्तद्रव काढून पुन्हा एकदा जास्त वेगाने फिरवावा लागतो, म्हणजे उरलेल्या रक्तबिंबिका तळाशी बसतात. नाहीतर त्या गोठताना फुटतात आणि आपले मायक्रोआरएनए त्यात मिसळतात. मग लहान लहान नळ्यांत वाटून ठेवायचा, म्हणजे एक वितळवली तरी बाकीच्या तशाच राहतात.

हे घरगुती पातळीवर जमणारे नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, की भावंडांचा पाठपुरावा करणारा एखादा संशोधन प्रकल्प त्यांच्या ओळखीत आहे का. असेल तर नमुना तिथे द्या, नीट लिखित संमती देऊन. आणि सोमवारी मुलीला निघण्यापूर्वी भरपूर पाणी पाजा, हात कोमट पाण्याने शेकून घ्या आणि रक्त काढणाऱ्या ताईंना सांगा की सिरिंजचा दट्ट्या हळू ओढा. शीर लवकर सापडली तर पलंगाखाली बसायची वेळ येणार नाही, आणि रक्तद्रवही गुलाबी होणार नाही.